एका जीबीचे अनेक भाव

ऑगस्ट २०२५ मध्ये रिलायन्स जिओ आणि एअरटेल या देशातील दोन सर्वांत मोठ्या मोबाइल कंपन्यांनी आपल्या २४९ रुपयांच्या योजना ऑनलाइन यादीतून काढून घेतल्या. चालू असलेल्या कोणत्याही योजनेचा दर त्यांनी या निमित्ताने वाढविला नाही. त्यामुळे रूढ अर्थाने ही दरवाढ नव्हती. तथापि, जिओच्या ज्या ग्राहकाचे रोजच्या एक जीबी डेटावर २८ दिवस निभावत होते, त्याला त्या यादीत रोज दीड जीबीची २९९ रुपयांची योजनाच काय ती जवळची उरली. त्याची गरज वाढली नव्हती. खर्च मात्र २० टक्क्यांनी वाढला. दर न वाढविता खर्च वाढविण्याची ही रीत त्या एका महिन्यापुरती नाही. मोबाइलचे दरपत्रक ज्या पद्धतीने रचले जाते त्या पद्धतीतच ती सामावलेली आहे, आणि म्हणूनच त्या रचनेची चिकित्सा करणे अगत्याचे झाले आहे.

भारतात इंटरनेट स्वस्त आहे, हे विधान सर्वसाधारणपणे खरे आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत होते. दहा वर्षांनी हा आकडा नऊ रुपयांच्या घरात आला. जगातील फार थोड्या देशांना असा दावा करता येईल. परंतु सरासरी ही अनेकदा कोणाच्याच घरची नसते. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओने जे दरपत्रक जाहीर केले त्यात ३५९९ रुपयांच्या वार्षिक योजनेत रोज अडीच जीबी, म्हणजे वर्षाकाठी ९१२ जीबी डेटा होता. नुसता भागाकार केला तर एका जीबीला चार रुपयांहून कमी. त्याच दरपत्रकात २८ दिवसांच्या १८९ रुपयांच्या योजनेत अवघे दोन जीबी होते. त्याच भागाकाराने एका जीबीला साडेचौऱ्याण्णव रुपये. माल एकच, विक्रेता एकच, दिवसही एकच. भाव मात्र चार आणि चौऱ्याण्णव. हा भागाकार सर्वस्वी न्याय्य नाही, हे खरे. कारण १८९ रुपयांत अमर्याद बोलणेही येते. मग त्यातील डेटाची किंमत नेमकी किती, हा प्रश्न उभा राहतो. तो सामान्य ग्राहकाला सोडविता येऊ नये अशीच या दरपत्रकाची घडण आहे.

मोजमापाकडून गठ्ठ्याकडे

ही घडण कशी झाली हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले आणि या देशात मोबाइल सेवेला प्रारंभ झाला. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा अशी आकारणी सुरू केली आणि इतर कंपन्यांना तिचे अनुकरण करावे लागले. दर चढे असोत वा उतरते, या सर्व काळात एक गोष्ट कायम होती. ग्राहक जे वापरीत होता त्याचे माप ठरलेले होते, आणि त्या मापाचा भाव त्याला तोंडपाठ होता. दोन कंपन्यांपैकी स्वस्त कोण, हे पाचवीतला मुलगाही सांगू शकत होता.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि हे चित्र पालटले. बोलणे अमर्याद, डेटा रोजच्या वाटपाने, आणि सर्वांची मिळून एक मुदत, असा गठ्ठा बाजारात आला. त्याने ग्राहकाचे मोठे हित झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. खेड्यातील विद्यार्थ्याच्या हाती जगाचे ग्रंथालय आले ते या गठ्ठ्यामुळेच. परंतु दरयुद्धात अनेक कंपन्या कोसळल्या. रिलायन्स कम्युनिकेशन्सने आणि एअरसेलने गाशा गुंडाळला. टेलिनॉर आणि टाटा यांची मोबाइल सेवा एअरटेलमध्ये विलीन झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या. एकेकाळी दहा-बारा स्पर्धकांनी गजबजलेल्या या बाजारात तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल एवढेच उरले. त्यांतही जिओ आणि एअरटेल या दोघांकडे ७० टक्क्यांहून अधिक ग्राहक आहेत. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ या तिन्ही वेळी खासगी कंपन्यांनी अल्पावधीत एकापाठोपाठ दर वाढविले. २०२४ मध्ये जिओ आणि एअरटेल यांचे नवे दर एकाच दिवशी, ३ जुलैला, आणि व्होडाफोन आयडियाचे दुसऱ्या दिवशी लागू झाले. स्पर्धा आली तेव्हा गठ्ठा ग्राहकाच्या हिताचा होता. स्पर्धा रोडावल्यावर तोच गठ्ठा भाव झाकण्याच्या कामी येऊ लागला.

पूरक डेटाचे गणित

गठ्ठ्यातील डेटा अपुरा पडला तर पूरक डेटा पॅक घ्यावा, अशी सोय असते. जुलै २०२४ च्या दरपत्रकात जिओचा एक जीबीचा पूरक पॅक १५ रुपयांवरून १९ रुपयांवर, तर एअरटेलचा एका दिवसाचा तसाच पॅक १९ रुपयांवरून २२ रुपयांवर गेला. रक्कम लहान असल्याने ती सहसा कोणी हिशेबात धरीत नाही. वास्तविक सारे मर्म येथेच आहे.

जिओची रोज दीड जीबीची योजना २९९ रुपयांना आणि रोज दोन जीबीची ३४९ रुपयांना होती. दोहोंत ५० रुपयांचा फरक. महिन्यात दोनदा पूरक पॅक घेतला तर ३८ रुपये होतात आणि लहान योजना परवडते. तिसऱ्यांदा घेतला की ५७ रुपये होतात आणि मोठी योजना स्वस्त ठरते. एअरटेलच्या दीड जीबीच्या ३४९ रुपयांच्या आणि अडीच जीबीच्या ४०९ रुपयांच्या योजनांमध्ये ६० रुपयांचा फरक होता आणि पूरक पॅक २२ रुपयांना. तेथेही तिसऱ्या पॅकलाच पारडे फिरते. दोन कंपन्यांचे दर वेगळे, परंतु उंबरठा एकच. पूरक पॅक हा अडीअडचणीचा उपाय असावा अशी ग्राहकाची समजूत असते. दरपत्रकाच्या रचनेत मात्र त्याचे काम ग्राहकाला वरच्या पायरीवर ढकलण्याचे असते. ५० रुपये अधिक भरले की २८ दिवसांत १४ जीबी अधिक मिळतात, म्हणजे जीबीला साडेतीन रुपये. तोच जीबी गरजेच्या वेळी सुटा मागितला तर १९ रुपये. एवढी तफावत असल्यावर वरची पायरी चढणे हा शहाणपणा वाटू लागतो, आणि न वापरल्या जाणाऱ्या डेटाचे पैसे दर महिन्याला बिनतक्रार भरले जातात.

काटकसरी ग्राहकाला यातून एक वाट मोकळी होती. १८९ रुपयांची लहान योजना घ्यावी, तीवर सहा जीबीचा ६९ रुपयांचा पूरक पॅक घ्यावा, आणि २५८ रुपयांत आठ जीबी महिनाभर पुरवून वापरावे. ज्याला निरोप वाचणे, पैसे पाठविणे आणि अधूनमधून एखादे व्याख्यान ऐकणे एवढेच हवे असते त्याला ही व्यवस्था सोयीची होती; कारण जुलै २०२४ मध्ये या पूरक पॅकची मुदत मूळ योजनेइतकी होती. जानेवारी २०२५ पासून ६९ रुपयांच्या पॅकची मुदत सात दिवसांवर आणण्यात आली. १९ रुपयांच्या पॅकची मुदत त्याआधीच एका दिवसावर आली होती. दर तोच राहिला, डेटाही तेवढाच राहिला. दिवस तेवढे कमी झाले. मुदत कमी करणे ही दरवाढच असते, परंतु दरवाढीच्या बातमीत तिला जागा मिळत नाही.

वजाबाकीने उघड केलेले सत्य

गठ्ठ्यातील डेटाची किंमत किती, या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित रीतीने एका सरकारी आदेशातून मिळाले. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती केली आणि केवळ बोलणे व एसएमएस यांसाठी वेगळी योजना देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. देशात सुमारे १५ कोटी लोक अजूनही साधे फोन वापरतात. घरोघरी असे वृद्ध आहेत ज्यांना इंटरनेट नको, मुलाबाळांचा आवाज तेवढा हवा. त्यांनी न वापरलेल्या डेटाचे पैसे का भरावेत, हा ट्रायचा प्रश्न रास्त होता.

जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी या योजना आणल्या. आरंभी जाहीर केलेले काही दर, ट्राय ते तपासणार असे कळल्यावर, थोडे उतरले. त्यानंतरची स्थिती अशी : जिओची ८४ दिवसांची, सहा जीबी डेटा असलेली योजना ४७९ रुपयांना होती, त्याच मुदतीची, डेटा मुळीच नसलेली योजना ४४८ रुपयांना आली. फरक ३१ रुपये. एअरटेलची वर्षाची, २४ जीबी असलेली योजना १९९९ रुपयांना होती. डेटा नसलेली वार्षिक योजना १८४९ रुपयांना आली. फरक १५० रुपये. म्हणजे ग्राहकाने डेटा नाकारला तर कंपनी त्याला एका जीबीमागे पाच-सहा रुपये परत करते. आणि त्याने एक जीबी मागितला तर त्याच्याकडून १९ किंवा २२ रुपये घेते. घेताना एक माप आणि देताना दुसरे, अशा व्यापाराला मराठीत जे नाव आहे ते येथे लिहिण्याची गरज नाही.

याच आकड्यांवरून आणखी एक हिशेब मांडता येतो. डेटाविरहित योजनेच्या दराने २८ दिवसांच्या बोलण्याचे सुमारे १४९ रुपये होतात. ते वजा केले तर १८९ रुपयांच्या योजनेत दोन जीबीचे ४० रुपये उरतात, म्हणजे जीबीला २० रुपये. आणि २९९ रुपयांच्या योजनेत ४२ जीबीचे १५० रुपये, म्हणजे जीबीला साडेतीन रुपये. बोलण्याचा खर्च बाजूला काढूनही लहान ग्राहक मोठ्या ग्राहकाच्या साडेपाचपट भावाने डेटा घेतो. पहिल्या भागाकारात जी तफावत दिसली ती निव्वळ आकड्यांचा खेळ नव्हती, हे यावरून स्पष्ट व्हावे.

किरकोळीने घेणाऱ्याची गोष्ट

मोठी योजना घेणाऱ्याचा तरी यात निखळ लाभ होतो काय? ट्रायच्या अहवालांनुसार २०२४ मध्ये डेटा वापरणाऱ्या ग्राहकाचा सरासरी मासिक वापर सुमारे २१ जीबी होता. दीड जीबीच्या योजनेत २८ दिवसांत ४२ जीबी मिळतात. याचा अर्थ, सरासरी ग्राहक त्या योजनेत असेल तर निम्मा डेटा तो वापरीतच नाही, आणि सात रुपयांचा दिसणारा जीबी त्याला प्रत्यक्षात चौदा रुपयांना पडतो. रोजच्या वाटपातील उरलेला डेटा मध्यरात्री रद्द होतो. तो उद्याच्या खात्यावर जमा होत नाही. परीक्षेच्या आठवड्यात विद्यार्थ्याला रोज तीन जीबी लागावेत आणि सुटीत अर्धाही लागू नये, हे स्वाभाविक आहे. परंतु त्याने सुटीत वाचविलेले त्याच्या परीक्षेच्या उपयोगी पडत नाही. व्होडाफोन आयडियाने आठवड्यातील उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देण्याची सोय आणली होती. यावरून, असे करणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असे कोणाला म्हणता येणार नाही.

मुदतीच्या बाबतीतही तीच कथा आहे. २८ दिवसांचा महिना धरल्यामुळे वर्षाला बारा नव्हे तर तेरा वेळा रिचार्ज करावा लागतो. पगार बारा वेळा येतो आणि रिचार्ज तेरा वेळा, ही गोष्ट कारकुनाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून पूर्ण ३० दिवसांची आणि दर महिन्याच्या एकाच तारखेला नूतनीकरण होणारी निदान एकेक योजना देण्यास कंपन्यांना भाग पाडले. परंतु अशी एखादी योजना यादीच्या कोपऱ्यात असणे वेगळे आणि बाजाराची रीत बदलणे वेगळे. आजही २८, ५६, ८४ आणि ३३६ या २८ च्या पाढ्यावरच बहुसंख्य योजना चालतात.

जो एकदम पैसे भरू शकतो त्याला हा पाढा फारसा जाचत नाही. जुलै २०२४ च्या दरांनुसार जिओच्या रोज दोन जीबीच्या योजनेला २८ दिवसांसाठी ३४९ रुपये, म्हणजे दिवसाला साडेबारा रुपये पडत. तीच योजना ८४ दिवसांसाठी एकदम घेतली तर ८५९ रुपये, म्हणजे दिवसाला सव्वादहा रुपये. तीन महिन्यांत १८८ रुपयांची बचत होते. मात्र त्यासाठी ८५९ रुपये एकरकमी हाती असावे लागतात. महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरविण्यात आली होती. एका फोनचा २९९ रुपयांचा रिचार्ज म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी. ८४ दिवसांचा म्हणजे पावणेतीन दिवसांची. पाव किलोच्या हिशेबाने तेल घेणाऱ्याला डबा घेणाऱ्यापेक्षा चढा भाव मोजावा लागतो, हा किराणा दुकानातील जुना अनुभव आहे. फरक एवढाच की, दुकानदाराला सुटे तेल मोजण्याचे श्रम पडतात. सुटा डेटा मोजण्याचे श्रम यंत्राला पडत नाहीत.

कंपन्यांची बाजू

कंपन्यांचे म्हणणे ऐकून न घेता निकाल देणे योग्य होणार नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाना शुल्कासाठी महसुलाची व्यापक व्याख्या मान्य केल्यानंतर या उद्योगावर थकबाकीचा डोंगर कोसळला. व्होडाफोन आयडियाची स्थिती एवढी खालावली की, तिची देणी भागभांडवलात रूपांतरित करून घेता घेता एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारचा तिच्यातील हिस्सा सुमारे ४९ टक्के झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या पिढीच्या सेवेसाठी प्रचंड भांडवल ओतावे लागले. ग्राहकामागे मासिक महसूल वाढल्याशिवाय हा व्यवसाय टिकणार नाही, असे कंपन्या सांगत आल्या आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत एअरटेलला ग्राहकामागे दरमहा २४५ रुपये आणि जिओला सुमारे २०३ रुपये मिळाले.

या युक्तिवादात तथ्य आहे. दोनच कंपन्या उरलेला बाजार ग्राहकालाही परवडणारा नाही, आणि भाव सदैव तोट्यात राहावेत अशी अपेक्षा कोणी सुज्ञ माणूस करणार नाही. परंतु भाव वाढविणे आणि भाव न समजू देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे समर्थन गुंतवणुकीच्या आधारे होऊ शकते; दुसरीचे कशाच्याही आधारे होऊ शकत नाही. दरवाढ उघडपणे झाली की ग्राहक आपले मत पायांनी नोंदवितो, हे जुलै २०२४ मध्ये दिसलेच. त्या एका महिन्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी मिळून सुमारे ३९ लाख ग्राहक गमावले आणि दर न वाढविणाऱ्या बीएसएनएलला सुमारे २९ लाख नवे ग्राहक मिळाले. तो ओघ पुढे ओसरला, याचे कारण बीएसएनएलच्या सेवेचा दर्जा. तिच्या स्वदेशी चौथ्या पिढीच्या जाळ्याचे उद्घाटन व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. उघड दरवाढीला ग्राहक उत्तर देऊ शकतो. मुदत घटविणे, खालची पायरी काढून घेणे यांसारख्या छुप्या वाढीला त्याच्यापाशी उत्तर नसते, कारण वाढ झाली हेच त्याला उशिरा कळते.

आता ही चैन राहिली नाही

दूरसंचाराचे दर बाजारावर सोपवावेत, नियामकाने ते ठरवू नयेत, हे ट्रायचे दोन दशकांचे धोरण आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीवर टीका झाली तेव्हा केंद्र सरकारनेही याच धोरणाचा हवाला दिला. हे धोरण अनेक कंपन्यांच्या स्पर्धेच्या काळात फलदायी ठरले, यात शंका नाही. मात्र त्यामागे दोन गृहीतके होती : स्पर्धा जिवंत आहे, आणि ग्राहकाला ही सेवा नाकारण्याची मुभा आहे. पहिल्याची अवस्था वर सांगितली. दुसरे तर शासनानेच निकालात काढले आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरील ई-पीक पाहणीच्या ॲपमधून करावी लागते. लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थींना सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी बंधनकारक झाली. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला. अंगणवाडी सेविकेला पोषणाची नोंद ॲपवर भरावी लागते. शाळामास्तरांना पोषण आहारापासून हजेरीपर्यंतची माहिती पाठवावी लागते, आणि ती बहुधा स्वतःच्या फोनवरून व स्वतःच्या रिचार्जवर. ज्या सेवेवाचून नागरिकाला शासनाच्या दारात उभे राहता येत नाही ती सेवा चैनीची राहत नाही. ती पाणी आणि विजेच्या पंक्तीला जाऊन बसते. आणि तिचा भाव झाकलेला असेल तर प्रश्न ग्राहकाच्या सावधगिरीपुरता उरत नाही, तो नागरिकाच्या हक्काचा होतो.

असाच प्रश्न दक्षिण आफ्रिकेपुढे आला होता आणि तेथील संस्थांनी तो कसा हाताळला हे पाहण्यासारखे आहे. तेथे २०१६ मध्ये डेटाचे दर उतरवा अशी जनतेची चळवळ झाली. तेथील स्पर्धा आयोगाने दोन वर्षांहून अधिक काळ चौकशी करून डिसेंबर २०१९ मध्ये अंतिम अहवाल दिला. लहान पॅक घेणाऱ्या गरिबाला एकेका एमबीमागे मोठा पॅक घेणाऱ्याच्या कितीतरी पट भाव मोजावा लागतो, आणि ही दररचना गरीबविरोधी आहे, असा स्पष्ट निष्कर्ष आयोगाने काढला. एप्रिल २०२० मध्ये व्होडाकॉम आणि एमटीएन या तेथील दोन मोठ्या कंपन्यांना ३० दिवसांच्या एक जीबीचा दर १४९ रँडवरून ९९ रँडवर आणावा लागला. त्याआधी २०१९ मध्येच तेथील दूरसंचार नियामकाने न वापरलेला डेटा पुढे नेण्याची आणि दुसऱ्याला देण्याची सोय कंपन्यांवर बंधनकारक केली होती. तेथील दर भारतापेक्षा खूपच चढे होते, हे खरे. परंतु आयोगाने केवळ भाव किती हे पाहिले नाही. कोणाला कोणता भाव पडतो हे पाहिले. भारतात अद्याप ही दुसरी चौकशी व्हावयाची आहे.

माप सरकारचे, भाव व्यापाऱ्याचा

दर ठरविण्याचे काम ट्रायने आपल्या हाती घ्यावे, असे सुचविण्याची येथे आवश्यकता नाही. दर ठरविणारी नोकरशाही ग्राहकाचे कल्याण करीलच अशी खात्री मागील अनुभवावरून देता येत नाही. त्याहून साधे आणि निर्विवाद उपाय आहेत. पॅकबंद मालाच्या नियमांत अलीकडे दुरुस्ती होऊन किमतीबरोबर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव छापणे बंधनकारक झाले. जे बिस्किटाच्या पुड्याला लागू आहे ते रिचार्जला लागू नसावे, यामागे कोणतेही तत्त्व नाही. प्रत्येक योजनेसमोर दिवसाचा भाव आणि जीबीचा भाव ठळक अक्षरांत असावा; ट्रायने २०१८ मध्ये सुरू केलेल्या दर-तुलनेच्या संकेतस्थळावर आणि दुकानातील फलकावरही तो असावा. पैसे देऊन घेतलेला पूरक डेटा मूळ योजना संपेपर्यंत टिकावा. रोजच्या वाटपातील उरलेला डेटा निदान त्या योजनेच्या मुदतीत पुढे नेता यावा. आणि खालची योजना काढून घेणे किंवा मुदत घटविणे ही दरवाढच समजून, तिची आगाऊ सूचना ग्राहकाला त्याच्या भाषेत दिली जावी. यांपैकी एकाही उपायाने कंपनीचा दर ठरविण्याचा अधिकार हिरावला जात नाही.

तोपर्यंत ग्राहकापुढे स्वतःच्या हिशेबाखेरीज दुसरा मार्ग नाही. फोनमध्येच महिन्याच्या वापराची नोंद असते. ती पाहून, योजनेची किंमत मिळणाऱ्या डेटाने नव्हे तर प्रत्यक्ष वापरलेल्या डेटाने भागावी. मुदतीच्या दिवसांनी भागून दिवसाचा खर्च काढावा. पूरक पॅक महिन्यात किती वेळा लागतो हे मोजावे. दोनदा लागत असेल तर आहे ती योजना ठीक, तिसऱ्यांदा लागू लागला तर वरची पाहावी, आणि एकदाही लागत नसेल तर खालची. घरात चार फोन असतील तर चौघांची गरज एकसारखी नसते. आजोबांच्या फोनवर नातवाची योजना घालणे हा केवळ आळस आहे, आणि त्या आळसाची किंमत वर्षाला तेरा वेळा मोजावी लागते.

परंतु नागरिकाने प्रत्येक खरेदीसाठी गणित सोडवीत बसावे, ही अपेक्षा सुसंस्कृत बाजाराला शोभणारी नाही. गावोगावच्या बाजारात भाव काय लावावा हे व्यापारी ठरवीत आला आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. मात्र शेर केवढा आणि किलो केवढा, हे ठरविण्याचा अधिकार त्याला कोणत्याही राजवटीने दिला नाही. मोबाइलच्या बाजारात आज भावही विक्रेत्याचा आहे आणि मापही विक्रेत्याचेच आहे. त्यातील माप तेवढे परत घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि त्याला आधीच पुरेसा उशीर झाला आहे.